सारा रेकॉर्ड्सची भैरवी

‘सारा रेकॉर्ड्स’ हे दोन शब्द प्रथम कानांवर आले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तलाठी उभा राहिला. त्याला माझा इलाज नाही. ज्या माणसाची चौतीस वर्षं मामलेदार कचेरीत गेली, त्याला सारा म्हटलं की शेतसारा आणि रेकॉर्ड म्हटलं की लाल फडक्यात बांधलेलं दप्तरच दिसणार. माझा भाचा मात्र हे शब्द अशा काही आवाजात उच्चारत होता, की ज्या आवाजात आमच्या पिढीची माणसं अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव घेतात. भाचा इंग्लंडात ब्रिस्टल या गावी असतो. विमानाच्या पंखांशी संबंधित असं काहीतरी करतो. आम्ही दोघं त्याच्याकडे महिनाभर राहून निघालो, तेव्हा जुन्या बाजारातून आणलेली एक सीडी त्यानं माझ्या हातात ठेवली.

“मामा, ही तुमच्यासाठी. सारा रेकॉर्ड्सचा शेवटचा नंबर. शंभरावा.”

“शेवटचा का? कंपनी बुडाली?”

“नाही हो. चांगली चालली होती. बंद केली.”

“का?”

“शंभर झाले म्हणून.”

शंभर झाले म्हणून! अहो, आमच्याकडे शंभर झाले की सत्कार समिती नेमतात, स्मरणिका काढतात आणि एकशेएकाव्या कार्यक्रमाच्या देणग्या गोळा करायला निघतात. चांगला चाललेला धंदा कुणी, कुणीही न सांगता, आकडा पुरा झाला म्हणून बंद केला, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. आमच्या पेठेतल्या एका कापडदुकानावर ‘दुकान बंद करणे आहे’ अशी पाटी गेली अकरा वर्षं आहे. दुकान जोरात चालू आहे. पाटी दोनदा नवीन रंगवून झाली.

सीडी ऐकून झाल्यावर मी या सारा प्रकरणाची सगळी माहिती काढली. हकीकत अशी. १९८७ साली क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघांनी ब्रिस्टलमध्ये ही कंपनी काढली. कंपनी म्हटलं की आपल्याला काचेचं दार आणि त्यामागची स्वागतिका दिसते. ही कंपनी राहत्या घरात होती, अप्पर बेलग्रेव्ह रोडवरच्या एका तळघरात. दोघंही त्याआधी हौशी मासिकं काढत. स्वतः लिहायचं, स्वतः छापायचं आणि गाण्याच्या कार्यक्रमांना जाऊन स्वतःच विकायचं. तिकडे त्याला फॅनझिन म्हणतात. आपल्याकडे साठ सालानंतर जी अनियतकालिकं निघाली, त्यांचेच हे विलायती चुलतभाऊ समजा. ज्या गाण्यांच्या मागे बड्या कंपन्यांचा पैसा नसतो त्यांना इंडी पॉप म्हणायची तिकडे पद्धत आहे. यातल्या इंडीचा इंडियाशी संबंध नाही. इंडिपेंडंटचं ते लाडकं नाव आहे.

आता ही गाणी कशी, असं तुम्ही विचाराल. बारीक आवाजाची गिटार आणि त्याहून बारीक आवाजाचा गायक. बहुतेक गाणी ऐकताना असं वाटतं की कुणीतरी बसथांब्यावर पावसात उभा आहे, त्याच्या खिशात न टाकलेलं पत्र आहे आणि त्याला बरंही नाही. तिकडच्या समीक्षकांनी या गाण्यांची पुष्कळ टिंगल केली. त्यासाठी त्यांच्याजवळ ‘ट्वी’ असा एक खास शब्द आहे. आपण गुळमट म्हणू. गाणाऱ्या मंडळ्यांची नावंही त्याच चवीची. एकीचं नाव ‘द फील्ड माइस’, म्हणजे शेतातले उंदीर. सारा आला, शेत आलं, उंदीर आले. माझं महसूल खातं पुरं झालं. दुसरं नाव ‘अनदर सनी डे’. आज पुन्हा ऊन! ऊन पडलं ही जिथं बातमी असते त्या देशातच असं नाव सुचायचं. आमच्या नागपुरात मे महिन्यात हे नाव घेऊन कुणी स्टेजवर आला असता तर श्रोत्यांनी त्याला खुर्च्यांसकट बाहेर काढलं असतं.

पण माझं लक्ष गाण्यापेक्षा या दोघांच्या हिशेबाकडे गेलं. शेवटी कारकुनाची नजर. ही मंडळी प्रामुख्यानं सात इंची तबकड्या काढत. त्या काळी तिकडे बारा इंची तबकडीचं फार स्तोम माजलं होतं. गाणं तेच, पण ते ओढूनताणून लांब करायचं, मोठ्या तबकडीवर घालायचं आणि जास्त पैसे घ्यायचे. या दोघांचा त्याला कडवा विरोध. म्हणजे बघा, वादही कशाचा, तर सातबाराचा! तुम्हाला खोटं वाटेल, पण हे वाचून मला पेन्शन सुरू झाल्यापासून झाला नव्हता एवढा आनंद झाला.

त्यांचं आणखी एक तत्त्व होतं. सात इंचीवर आलेलं गाणं साधारणपणे पुन्हा मोठ्या लाँगप्लेवर घालायचं नाही. कारण ज्यानं सात इंची घेतली तोच बिचारा लाँगप्लेही घेणार. त्याला एकाच गाण्याचे दोनदा पैसे का द्यायला लावायचे? धंद्याच्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा होता. माणसाला एकच वस्तू दोनदा विकता आली पाहिजे, यावर तर अर्धी बाजारपेठ उभी आहे. माझ्याकडे एका गायकाची तीच बारा गाणी ‘अमर गीते’, ‘अवीट गीते’ आणि ‘अविस्मरणीय गीते’ अशा तीन नावांनी आहेत. शिवाय सुरुवातीच्या काळात तबकडीला पुठ्ठ्याचं पाकीट नसे. छापील कागदाची घडी, ती प्लास्टिकच्या पिशवीत आणि आत चिठ्ठीचपाटी, पोस्टर असं काहीबाही. लग्नघरात सगळे ओळीनं बसून पत्रिकांच्या घड्या घालतात ना, तसं त्या तळघरात कायम लग्नघर असणार. पन्नासाव्या नंबरला तर त्यांनी गाणंच काढलं नाही, आपल्या ‘व्यापार’सारखा पटावरचा खेळ काढला. नाव ‘सारोपोली’. ज्यांना व्यापार करायचाच नव्हता त्यांनी व्यापाराचा खेळ काढला, यावर मी वेगळं काय बोलू?

मग सात इंची ज्यांच्या हुकल्या त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी ही मंडळी मधूनमधून संकलनं काढत. निरनिराळ्या मंडळ्यांची निरनिराळ्या तबकड्यांवरची गाणी एका ठिकाणी. पहिलं १९८८ सालचं, ‘शॅडो फॅक्टरी’. पुढे ‘टेंपल क्लाउड’, ‘एअर बलून रोड’, ‘ग्लास आर्केड’, ‘जेल फेरी ब्रिज’. मला ही नावं आधी मोठी काव्यमय वाटली. भाच्यानं सांगितलं की यात काव्य कसलं, ही आमच्या इकडच्या ठिकाणांची नावं आहेत. एक खेडं, एक रस्ता, एक मंडई, नदीवरचा एक पादचारी पूल. ‘टेंपल क्लाउड’चा नंबर आहे ३७६ आणि ब्रिस्टलहून त्या गावावरून जाणाऱ्या बसचा नंबरही तोच! पुण्यात कुणी भावगीतांचं संकलन काढून त्याला ‘लकडी पूल’ असं नाव द्यावं आणि कोथरूडच्या बसचा नंबर घालावा, तसं हे झालं. मला तर ही कल्पना फारच आवडली. आपल्याकडे संकलनाचं नाव ‘सूरगंगा’ असतं, नाहीतर ‘स्वरमोहिनी’. त्यातली कुठलीही गंगा बसनं गाठता येत नाही.

तर असं आठ वर्षं चाललं. पैसा फार नसावा, पण कंपनी बुडाली नव्हती. देशोदेशीची पत्रं येत होती. आणि १९९५ सालच्या ऑगस्टमध्ये शंभरावा नंबर निघाला. हेही एक संकलनच होतं, सोबत पुस्तिका. बंदरातल्या थेक्ला नावाच्या बोटीवर एक मोठा कार्यक्रम झाला, ‘एनएमई’ आणि ‘मेलडी मेकर’ या दोन नामांकित साप्ताहिकांत अर्ध्या पानाच्या जाहिराती आल्या आणि दुकानाला कायमचं कुलूप लागलं. जाहिरातीचा मथळा होता, ‘अ डे फॉर डिस्ट्रॉइंग थिंग्ज’. म्हणजे मोडतोडीचा मुहूर्तच म्हणायचा. मजकुराचा मथितार्थ असा की ही कंपनी आमची आहे, आमच्याखेरीज कुणाची नाही, म्हणून ती उभारायची की मोडायची हे आम्ही ठरवणार आणि आम्ही वन्समोअर घेत नसतो. दुकान बंद केल्याची अर्ध्या पानाची जाहिरात, तीही रोख पैसे मोजून! ज्या ‘मेलडी मेकर’मध्ये ती आली ते साप्ताहिक पुढे २००० साली ‘एनएमई’त विलीन झालं. त्याला असा थाटाचा निरोप काही मिळाला नाही.

इथं मला पहिली शंका येते. जे झालं ते मोडून टाकायचं म्हणता, आणि त्याच दिवशी जे झालं त्याचं संकलन काढता? घर पाडायला काढलं आणि त्याआधी सगळ्यांना अंगणात उभं करून ग्रुप फोटो घेतला! पण या शंकेचं उत्तर त्या सीडीच्या नावातच असावं. नाव आहे ‘देअर अँड बॅक अगेन लेन’. तेही ब्रिस्टलच्या एका खऱ्याखुऱ्या गल्लीचं. पार्क स्ट्रीटच्या परिसरात ती आहे. या रस्त्याच्या पायथ्याशी कॉलेज ग्रीन नावाची हिरवळ आहे आणि तिथं राजा राममोहन रॉय यांचा पुतळा उभा आहे. १८३३ साली ते याच गावी वारले. कलकत्त्याहून निघाले ते इथवर आले आणि परत गेले नाहीत. मी त्या पुतळ्याला नमस्कार केला. ही म्हणाली, “एवढ्या थंडीत बिचारे उघड्यावर.” असो. गल्लीच्या नावाचा मराठीत अर्थ होतो ‘जाऊन येतो गल्ली’. आणि आपल्याकडे काय सांगून ठेवलंय? घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं. कायमचं कुलूप लावणाऱ्या या दोघांनीही शेवटी दारात उभं राहून ‘येतो’ असंच म्हटलं की!

या ‘येतो’मध्ये आपला सगळा स्वभाव आला आहे. आपल्याला शेवट सोसत नाही. गणपती बुडवतानासुद्धा आपण पुढच्या वर्षीचं आमंत्रण देऊन ठेवतो. टीव्हीवरच्या मालिकेतली सासू मेली तर तिची जुळी बहीण येते. मंडळं रौप्यमहोत्सवाकडून सुवर्णमहोत्सवाकडे आणि तिथून अमृतमहोत्सवाकडे सरकत राहतात. दरम्यान ती काय करत होती हे विचारणं असभ्यपणाचं असतं. आणि तरीही, मंडळी, शेवट कसा करावा याचं शास्त्र आपल्या गाण्याइतकं कुणाजवळ आहे? आपल्याकडे भैरवी आहे! भैरवी झाली की संपलं. मग समोर मंत्री बसलेला असो, की यजमानांचे व्याही; त्यानंतर तंबोऱ्याला गवसणी. चांगल्या गवयाची भैरवी सुरू झाली की श्रोत्याला एकाच वेळी दोन गोष्टी कळतात. हे फार सुंदर आहे आणि हे आता संपणार आहे. माझ्या मते पहिली गोष्ट निम्मीअधिक दुसरीमुळेच कळते. सारावाल्यांनी शंभरावा नंबर काढला तेव्हा नकळत भैरवीच घेतली, एवढंच मी म्हणेन.

आमच्या लहानपणी या विषयात एकच प्रमाणग्रंथ होता, तो म्हणजे क्रिकेट. विजय मर्चंट १९५१ साली दिल्लीच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा करून थांबले, ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. सुनील गावसकरनं १९८७ साली बंगलोरला पाकिस्तानविरुद्ध शेवटच्या कसोटीत ९६ काढल्या. आमचे वडील ही दोन्ही उदाहरणं देत आणि लगेच म्हणत, ‘माणसानं असं थांबावं.’ स्वतः ते सोसायटीचे चेअरमन सतरा वर्षं होते.

पण ही उदाहरणं कितीही गोड वाटली, तरी माझ्या मनात दुसऱ्या बाजूला बालगंधर्व उभे राहतात. साठीच्या घरात पोचल्यावरही ते शालू नेसून उभे राहत होते. शरीर साथ देत नव्हतं. पाहणाऱ्यांपैकी काहींनी डोळे पुसले, काही हळहळले, काहींनी ‘यांनी आता थांबावं’ असं म्हटलं. ‘थांबावं’ म्हणणं सोपं आहे हो. डोक्यावर कर्ज, पोराबाळांसारखी पोसलेली मंडळी, आणि दुसरं काही करायचं ठाऊकच नाही, अशा माणसानं कुठल्या शंभराव्या नंबरवर थांबायचं होतं? थांबणंही परवडावं लागतं. सारा रेकॉर्ड्स बंद झाली तेव्हा चालवणारे तरुण होते. पुढे दुसरं काही करायला अख्खं आयुष्य होतं. मॅट हेन्स यांनी पुढे ‘शिंकान्सेन’ नावाची नवी रेकॉर्ड कंपनी काढलीही. जपानमधल्या झपाट्यानं धावणाऱ्या आगगाडीचं हे नाव. बसमधून उतरले ते आगगाडीत बसले! तेव्हा उमेदीत थांबण्याचं कौतुक मी जरूर करतो, पण ते करताना बालगंधर्वांकडे पाठ करून उभा राहत नाही.

याच्याही पुढचा प्रश्न अवघड आहे. ‘आमची वस्तू आहे, आम्ही मोडू’ हे म्हणणं खरं का? तबकडी काढणाऱ्यांची खरी, पण कुठल्याशा लांबच्या गावात एखादा पोरगा पोस्टमनची वाट पाहत होता, त्या पिशवीतल्या चिठ्ठ्या जपून ठेवत होता, त्याचं त्यात काहीच नाही? ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झालं तेव्हा आमच्या कचेरीतला एक लघुलेखक दोन दिवस जेवला नव्हता. त्यानं त्यात कधी एक ओळ लिहिली नव्हती. फक्त वाचत होता. ‘सत्यकथा’ त्याचं होतं की नव्हतं? महसूल खात्यात याला आम्ही कब्जेदार म्हणतो. मालकी एकाची, कब्जा दुसऱ्याचा आणि वहिवाट तिसऱ्याचीच. असल्या जमिनीचे दावे दोन-दोन पिढ्या चालतात. गाण्याचे का चालू नयेत?

आणि गंमत बघा. २०१४ साली या कंपनीवर एक माहितीपट निघाला. त्याच वर्षी ब्रिस्टलच्या अर्नोल्फिनी या कलादालनात तिचं प्रदर्शन भरलं. मग पुस्तकंही आली. लोकांना दोनदा पैसे पडू नयेत म्हणून ज्यांनी जिवाचा आटापिटा केला, त्यांच्या त्या कागदी घडीतल्या सात इंची आता शौकीन लोक जुन्या बाजारात चढ्या भावानं घेतात. मूळ किमतीच्या कितीतरी पट! म्हणजे मालकांनी मोडली तरी कब्जेदारांनी जागा सोडलेली नाही.

हे सगळं मी इतकं मनावर घेण्याचं कारण आमचं मंडळ. आमच्या कॉलनीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही काही मंडळी एकत्र बसून गाणं ऐकतो. १९९४ साली सुरू झालं. तेव्हा लोक दारात चपला काढायला जागा शोधत. आधी तबकड्या, मग कॅसेटी, मग सीडी. आता ज्याच्या त्याच्या खिशातल्या फोनवर जगातलं सगळं गाणं आहे, आणि सतरंजीवर आम्ही नऊ जण आहोत. त्यातले दोघे विलंबित सुरू झालं की झोपतात आणि द्रुत लागलं की दचकून दाद देतात. मे महिना, दिवाळी आणि करोनाची दोन वर्षं वगळून येत्या काही महिन्यांत तीनशेवी बैठक येते. मागच्या सभेत आमच्या चिटणीसबाई उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “तीनशेव्या बैठकीला भैरवी लावू आणि थांबू.”

जो गदारोळ झाला तो काय सांगू! अध्यक्ष म्हणाले, “वहिनी, असं अभद्र बोलू नका.” खजिनदार म्हणाले, शिल्लक सात हजार चारशे रुपये आहे, तेव्हा बंद करण्याचं आर्थिक कारण दिसत नाही. एकांनी पाच जणांची पुनरुज्जीवन उपसमिती सुचवली. नवांपैकी पाच! मी पिशवीतून ती सीडी काढून सारा रेकॉर्ड्सची हकीकत सांगायला लागलो, तर अध्यक्ष म्हणाले, “साहेबांचं सोडा. ते राज्यसुद्धा सोडून गेले.”

चिटणीसबाई काही बोलल्या नाहीत. पण मला माहीत आहे, गेली तीस वर्षं बैठकीच्या आदल्या संध्याकाळी सतरंज्या त्या झटकतात. चहाचं आधण त्या ठेवतात. कोणतं गाणं लावायचं याच्या चिठ्ठ्या वळणदार अक्षरात त्या लिहितात. त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांचा उजवा गुडघा गेला आहे. बाकीचे आम्ही येतो, ऐकतो, ‘वा’ म्हणतो, चहा पितो आणि जातो. म्हणजे ‘येतो’ म्हणतो. तेव्हा ज्यांनी घड्या घातल्या, त्यांनी म्हटलं पुरे, तर ते पुरे. मोडण्याचा हक्क राबणाऱ्याचा. इथवर माझं मत पक्कं आहे आणि मी ते सभेत मांडलंही. ते इतिवृत्तात ‘एका सभासदाने सूचना केली’ असं आलं आहे.

पण मग कोपऱ्यातले ते गृहस्थ बोलले. बँकेतून निवृत्त झालेले आहेत. चार वर्षांपूर्वी पत्नी गेली, मुलगा कॅनडात. ते भिंतीला टेकून बसतात आणि कधी मान डोलावल्याचंही कुणी पाहिलेलं नाही. ते म्हणाले, “मला गाण्यातलं काही कळत नाही. तीनताल आणि झपताल मला सारखेच. पण पहिल्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालतो. तेवढंच कुठंतरी जायला असतं.”

यावर कुणाला काही बोलता येईना. मलाही येईना. मालकी, कब्जा, वहिवाट, मर्चंटच्या १५४ धावा, सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि त्यातलं एकही त्या इस्त्रीच्या शर्टाला पुरणारं नव्हतं. चिटणीसबाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, “तसं असेल तर चालवू आणखी काही दिवस.” हे वाक्य ऐकल्यावर मात्र ते गृहस्थ एकदम सरळ बसले. “नाही, नाही, वहिनी,” ते म्हणाले, “तुम्ही थांबा. तुमचं बरोबर आहे. तुमच्या गुडघ्यावर माझा रविवार नको. फक्त ती मोठी सतरंजी मला द्याल का? माझा हॉल रिकामाच असतो. पहिल्या रविवारी अंथरून ठेवीन म्हणतो. कुणी आलं तर आलं. गाणं नसलं तरी चालेल.”

सभेत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग खजिनदारांनी घसा खाकरला आणि म्हणाले की द्यायला हरकत नाही, पण सतरंजीची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला आहे, तेव्हा आधी तिचं निर्लेखन करावं लागेल, त्याला ठराव लागेल, आणि आजच्या सभेला गणपूर्ती नाही.